आबांना खाली घेतलं

लोणावळा
२६ नोव्हेंबर २०२४

कैलास भाऊजींना नमस्कार,

नव्या इंद्रायणीचं पोतं कादरने दारात उतरवलं तेव्हा घरात तांदळाचा वास आणि पाहुणे एकदमच भरले होते, त्यामुळे आभार मानायला आठवडा लागला. तुमच्या वाडीत फोन लागत नाही, आणि तुम्ही पठारावर चढून केलात तर तुमच्यापेक्षा वाराच जास्त बोलतो. म्हणून हे पत्र कादरच्याच दुधाच्या टेम्पोतून.

पाहुणे कोण, असं विचाराल. मलाही तेच विचारायचं होतं. त्यातले चार माझ्या मामेबहिणीचे; उरलेले, त्या चौघांनी ज्यांना 'लोणावळ्यात आपलं घर आहे' असं सांगितलं ते. आमचं घर म्हणजे बाहेरची खोली, आतली खोली आणि स्वयंपाकघर. पण सुट्ट्या जोडून आल्या की ते घर राहत नाही, धर्मशाळा होते. फरक इतकाच, की धर्मशाळेत सकाळी पोह्यांवर लिंबू मागत नाहीत.

झोपण्याची व्यवस्था आबांच्या हाती. सासऱ्यांबद्दल सुनेने दिरापाशी चहाडी करू नये, तेव्हा हे कौतुक समजा. तुमच्या चुलत्यांचा उभा जन्म रेल्वेच्या रनिंग रूममध्ये गेला. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात ड्रायव्हर-गार्डांना खाटा लावून द्यायच्या, वेळेवर उठवायचं, ही अटेंडंटची नोकरी. निवृत्त होऊन जमाना झाला, पण पाहुणा उंबऱ्यात दिसला की आबा अजून ड्यूटीवर येतात. "घोरता का?" हा पहिला प्रश्न. पाणीसुद्धा नंतर. घोरणारे सगळे आतल्या खोलीत, म्हणजे कुणी कुणाला बोल लावायला नको. पहाटे उठणारा दारापाशी. गुडघेवाला पलंगावर. तान्हं मूल असेल ती बाई भिंतीकडे, मोरीच्या जवळ. व्यवस्थेत मला आजवर खोड काढता आलेली नाही. शनिवारी मात्र त्यांनी स्वतःचीच खाट एका तरण्याताठ्या मुलाला दिली, तो लोहगड चढून दमला म्हणून, आणि आपण खुर्चीत बसून राहिले. आमच्या संस्कृत व्याकरणात 'खट्वारूढ' असा शब्द आहे. अर्थ एवढाच, की खाटेवर चढलेला. पण विद्या पुरी व्हायच्या आत जो जमीन सोडून खाटेवर चढला, त्याला ही शिवी द्यायची. शाळेत इतकी वर्षं तो शब्द शिकवला, आणि त्याचं उदाहरण आत्ता पाहिलं, तोंड उघडं टाकून झोपलेलं.

तुमचे विठ्ठलदादा, म्हणजे आमचे हे, मजेत. तळेगावच्या कारखान्यात कायमची रात्रपाळी, त्यामुळे आबांच्या वाटपात त्यांचं नाव येतच नाही. सकाळी येतात आणि जो कुणी आधी उठला असेल त्याच्या गरम अंथरुणात शिरतात.

एक सांगायचं राहिलं. आबा हल्ली वाडीची फार आठवण काढतात. थंडीत तिकडचं ऊन चांगलं. तुमची भाताची झोडणीही उरकली असेल. म्हाताऱ्या माणसाला अधूनमधून बदल बरा असतो, नाही का. तुम्ही सुज्ञ आहात.

अनघा

•

आंदर मावळ
१ डिसेंबर

वहिनींना कैलासचा रामराम.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. तो खाटेवरचा शब्द मला काय उमगला न्हाई. आईला वाचून दाखवला तर ती म्हणली, "अनघा शिकलेली हाय बाबा, शिवी पन सोवळ्यातली देती."

आबा आमची आठवण काढत्यात हे ऐकून आईच्या डोळ्याला पाणी आलं. ती म्हणली, थोरला दीर हाय, बापाच्या जागी हाय, आठवण काढतोय आन आपुन हितं बसून ऱ्हायचं व्हय? मंग आमी सगळ्यांनी इचार केला. एवढ्या वयाच्या माणसाला कशाला हलवायचं? त्यापरास आमीच येतो. नाताळाच्या सुट्टीत चार-पाच दिस. मी, आई, आमची मंडळी, समीक्षा आन नथूकाका. समीक्षाला तुमच्याकडचा टायगर पॉइंट बघायचाय, तिच्या वर्गातल्या सगळ्यांचा बघून झाला म्हणं.

आईची कंबर धरती, तिला मऊ गादी चालत न्हाई. तिची घोंगडी आमी घेऊन येतो. नथूकाका घोरतो. लय घोरतो. आबांना आधीच सांगून ठेवा म्हणजे त्यांचा हिशेब चुकायला नको. मला कुटं बी चालतं.

तुमी काय लय करत बसू नका. आमी काय पाहुणे हाय का?

कैलास

•

लोणावळा
९ डिसेंबर

कैलास भाऊजी,

कादर बाहेर हॉर्न वाजवतोय, हॉटेलांचं दूध पोचवायचंय त्याला. म्हणून चारच ओळी.

काल पहाटे आबांना खाली घेतलं. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, आता वर ठेवू नका, या वयात असंच व्हायचं. आबा शांत आहेत. कुणाला काही त्रास नाही. माझंच डोकं चालत नाही, तीन रात्री डोळ्याला डोळा नाही.

नाताळचं आता धरून चालू नका. बाकी भेटीत.

अनघा

•

आंदर मावळ
१२ डिसेंबर

वहिनी, रामराम.

सोमवारी आमच्या हातून जे झालं त्याबद्दल हात जोडतो. तिथं तुमच्यासमोर नीट बोलता आलं न्हाई. आबा ऐकत होते.

कादरनं पत्र दुपारी दिलं. खळ्यावर आई आन नथूकाका बसल्याले, म्हणून मी मोठ्यानं वाचलं. 'आबांना खाली घेतलं' म्हणलो, आन आईच्या हातातलं सूप पडलं. वहिनी, आमच्याकडं माणूस खाली घेतलं म्हणजे संपलं. जीव खाटंवर जाऊ न्हाई म्हणून जमिनीवर घेत्यात, तोंडात तुळशीचं पान ठेवत्यात. दुसरा अर्थच न्हाई त्याला. त्यात पुढं डाक्टर म्हणला वर ठेवू नका. पुढं, आबा शांत हायत. नथूकाका म्हणला, "बघा, शिकलेली सून. किती जपून लिवलंय."

मंग कोण थांबतंय. पिकअप केली. भावकी जमली, त्यातले निम्मे मी बोलावले पन नव्हते. आईनं दारातल्या तुळशीचा डहाळा पदराच्या गाठीला बांधला. कामशेतला नथूकाका म्हणला, "मोठा माणूस गेला. आता एवढी माणसं चाललोय, कोण कुटं झोपायचं ते सांगायला बी कोण ऱ्हायलं न्हाई."

आन दारात आलो तर आबा खाली गादीवर भिंतीला टेकून पिठलं-भाकर खात होते. मला बघून म्हणले, "का रं कैलास, कोन गेलं?"

जन्मात मला अशी लाज वाटली न्हाई. आई डहाळा घेऊन तशीच उभी. "काय न्हाई आबा," म्हणली, "कुंडीत लावायला आणला." आबांनी तिच्याकडं बघितलं, गाडीतनं उतरणाऱ्या माणसांकडं बघितलं, हात धुतला आन पयल्याला इचारलं, "घोरतोस का?"

हे सगळं तुमी बघितलंच. पन एक तुमी बघितलं न्हाई, कारण तुमचे डोळे मिटल्याले होते. सकाळी म्हशीच्या सवयीनं मला जाग आली. तांब्याभर पाणी घ्यावं म्हणून आत आलो. तुमी ओट्याखाली पिठाच्या डब्याला टेकून बसल्याल्या, पदर पायावर वढून घेतल्याला. अंगावर काय न्हाई. सगळी पांघरुणं आमच्या अंगावर. आदल्या दिशी आबांनी एकेकाची जागा सांगितली तवा तुमचं नाव आलंच न्हाई. मला वाटलं इसरले. म्हणून निघताना इचारलं, आबा, वहिनीची जागा कुटं? तर म्हणले, "अटेंडंटला खाट नसती रं. त्यो जागा ऱ्हातो म्हणून बाकीचे झोपत्यात."

चांगल्या मनानं बोलले. मोठेपणा दिल्यागत बोलले.

वहिनी, तुमी झोपता कुटं?

कैलास

•

लोणावळा
१५ डिसेंबर

कैलास भाऊजी,

माफी कसली मागता? माणूस गेला नाही म्हणून कुणी माफी मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

झालं होतं एवढंच, की आबा खाटेवरून घसरले. लागलं नाही, पण डॉक्टर म्हणाले, उंच खाट नको, गादी जमिनीवर टाका. तशी टाकली. याला मराठीत 'खाली घेतलं' म्हणतात असं मला वाटलं. मुलांना शब्दाचा वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ शिकवण्यात माझी हयात गेली. माझ्या स्वतःच्या वाक्याचा लक्ष्यार्थ पिकअपमध्ये बसून दारात आला. समोरच्या शहनाजभाभी तुमची गाडी आणि तुमच्या आईंचा, चिमाबाईंचा, चेहरा बघून धावत आल्या, आणि आबांना भाकरी मोडताना पाहून दारातच मटकन बसल्या. त्यांनाही चहा झाला.

आबांना सगळं कळलंय. तुळस कुंडीत लावायला कुणी पिकअप करून येत नाही. तुम्ही गेल्यावर दाराकडे तोंड करून बसले. मला वाटलं, मनाला लागलं. मग म्हणाले, "सूनबाई, आले बघ सगळे. एका चिठ्ठीवर." दिवसभर खूश होते. संध्याकाळी स्वतःहून दाढी केली.

आता तुमचा प्रश्न. शास्त्र म्हणतं, गृहिणीने सर्वांच्या मागून निजावं आणि सर्वांच्या आधी उठावं. मधल्या वेळाबद्दल शास्त्रात काही सांगितलेलं नाही, त्यामुळे मीही कधी त्याचा विचार केला नाही. आबांचं बोलणं मनावर घेऊ नका. त्यांच्या लेखी अटेंडंट ही शिवी नाही, बढती आहे. लग्न होऊन आले तेव्हा मला चहाही नीट येत नव्हता, तिथून इथवर चढले.

आणि झोपते हो. गाडीच्या भोंग्यासारखी तुटक तुटक, पण झोपते. परवा कढी ढवळताना झोपले. कढीच ती, उतू गेली तेव्हा कळलं.

नाताळचं मी घाईत काहीतरी लिहून गेले. समीक्षाला टायगर पॉइंट बघायचाय, तिचा हिरमोड नको. या. तुमच्याआधी दोन दिवस मामेबहीण येऊन जाईल, तोवर गाद्यांना ऊन देता येईल.

अनघा

•

आंदर मावळ
१९ डिसेंबर

वहिनी, रामराम.

नाताळाला आमी येत न्हाई. समीक्षाला सांगितलं. ती रुसली न्हाई, उलट मलाच बोलली.

झालं असं. तुमचं ह्ये पत्र वाचताना ती म्हणली, बाबा, काकूंचं पयलं पत्र कुटंय? काढलं. वाचलं तिनं. मंग म्हणली, "बाबा, त्या सांगत होत्या की आबांना न्या. थोडे दिवस. त्यांना झोपायचं होतं. आन तुमी म्हणालात आमीच येतो. पाच जण." मी म्हणलो, असं कुटं लिवलंय? ती म्हणली, "सगळीकडं लिवलंय."

मी परत वाचलं. व्हय. बदल बरा असतो म्हणं. ऊन चांगलं म्हणं. वहिनी, आमी भात लावणारी माणसं. आम्हाला सुज्ञ म्हणून सोडून देऊ नका. न्या म्हणायचं, आमी नेतो.

तर सोमवारी मी कादरच्या गाडीत पुढं बसून येतो आन आबांना घेऊन जातो. ते नाय म्हणणार. तुमाला सोडून ते निघत न्हाईत, ते मला ठावं हाय. म्हणून आईनं तोड काढलीया. त्यांना सांगा, चिमाबाईच्या घरी लय पाहुणे उतरणार हायत, आन कुणाला कुटं झोपवायचं ते तिला जमत न्हाई. बघा मंग.

काय म्हणता ते कादरजवळ लिवून द्या. सरळ लिवा.

कैलास

•

लोणावळा
२१ डिसेंबर

भाऊजी,

न्या.

पाहुण्यांचं आबांना सांगितलं. पूर्ण ऐकूनही घेतलं नाही, पिशवी भरायला बसले. बॅटरी आणि शिट्टी घेतली आहे.

अनघा

•

आंदर मावळ
५ जानेवारी २०२५

वहिनी, रामराम.

आबा मजेत हायत. आल्या आल्या त्यांनी आईची घोंगडी खिडकीखालनं उचलून चुलीच्या अंगाला टाकली. ती तीस वर्सं तितंच झोपत होती आन तीस वर्सं तिची कंबर धरत होती. आता धरत न्हाई म्हणती, पन ते त्यांच्यासमोर म्हणत न्हाई. नथूकाकाला पडवीत घातला. तो बी म्हणतो, बरं वाटतंय, कोण लाथा मारत न्हाई.

एकच अडचण झाली. पयल्या दिशी संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसले आन म्हणले, पाहुणे कुटं हायत? आता कुठनं आणायचे? मंग मी भावकीतल्या तिघांना जेवायला बोलावलं आन हितंच झोपा म्हणलं. दुसऱ्या दिशी दुसरे तिघं. आता आळीपाळी लावलीया. आपापली घरं सोडून येत्यात बिचारे, पांघरूण काखेत मारून. आबा त्यांना इचारत्यात, कुठनं आलात? ते म्हणत्यात, हितनंच. आबांना काय फरक पडत न्हाई. सकाळी शिट्टीनं उठिवत्यात.

पन तीनचार दिस झालं, जेवताना मधीच थांबत्यात. सूनबाई एकली हाय म्हणत्यात. तिकडं कोन आलं, कोन गेलं, कुनाला कुटं घातलं, तिच्यानं व्हायचं न्हाई. मी म्हणलो, सोडू का तुमाला? तर म्हणले, "तिनं बोलावलं की जाईन. तू लिव तिला. काय म्हणती ते मला वाचून दाखव."

तवा वहिनी, तुमी लिवाल ते मला मोठ्यानं वाचायचं हाय. मागच्या टायमाला मोठ्यानं वाचून काय झालं ते तुमाला म्हाईत हाय.

कैलास

•

लोणावळा
८ जानेवारी २०२५

भाऊजी,

वाचून दाखवा. या वेळी कुठल्याच शब्दाला दुसरा अर्थ नाही.

आबा, नमस्कार. वर्षअखेरीला माझ्या मामेबहिणीचा पुन्हा फोन आला होता. ती किती जण ते सांगायच्या आत मी जागा नाही म्हटलं. ती म्हणाली, "अगं, आबा गावाला गेलेत ना? त्यांची खाट असेल की." मी म्हटलं, खाटेवर माणूस आहे. कोण आलंय म्हणून विचारलं तिने. मी म्हटलं, मी. तिला वाटलं मी थट्टा करतेय. माझी तशी ख्याती आहे, तिचा दोष नाही.

त्या दिवशी भांडी झाल्यावर आडवी झाले. सकाळी हे पाळीवरून आले तर दाराला कडी. बराच वेळ वाजवली म्हणे, शहनाजभाभींनी हाका मारल्या, मग पायरीवर बसून राहिले. मी दार उघडलं तेव्हा ऊन मोरीपर्यंत आलं होतं. "बरं नाही का?" म्हणाले. मी म्हटलं, झोपले होते. तरी त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी कडीच्या जागी लॅच बसवून बाहेरून उघडायची किल्ली करून घेतली.

आबा, भाऊजी सांगतात की मी बोलावलं की तुम्ही येणार. मी एकटी आहे ही तुमची काळजी. आहे एकटी. इथे कुणी येत नाही, जात नाही, कुणाची जागा लावायची नाही. तुम्ही असता तेव्हा घर भरलेलं असतं, लोक अजून तुमचं नाव घेऊन येतात, हे मी शेजारीपाजारी अभिमानाने सांगते आणि पुढेही सांगेन. पण गेली कित्येक वर्षं मला कुणी विचारलं की तुमची जागा कुठली, तर मला हसून काहीतरी बोलावं लागतं. आता लागत नाही.

संक्रांत तिकडेच करा. चिमाबाईंच्या हातचे तिळाचे लाडू तुम्हाला आवडतात. त्यानंतरही थोडे दिवस राहा. घर तुमचं आहे, यायला बोलावणं लागत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी बोलावीन तेव्हाच या. बोलावीन, हे नक्की. कधी, ते आज सांगता येत नाही.

तुमची आठवण येते, हे खोटं नाही. पण झोप त्याहून जास्त येते.

अनघा